होडी किनाऱ्यावर असताना

फोन आला तेव्हा मी बोईसरला माहेरी होते. इकडे सासरी, नवापूरला, सासूबाई दुपारी जेवून ओटीवर आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत... वय झालं होतं, हाल झाले नाहीत. खूप रडले. पण आज, महिन्याभराने, लिहायला बसले तर आधी हसूच येतंय.

लग्न होऊन कारखान्याच्या वसाहतीतून मी या कोळीवाड्यात आले. होडी समुद्रात गेली की सासूबाई छातीवर हात ठेवून बसायच्या. मी डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायच्या, "अगो, घरचा माणूस दर्यात हाय. आमच्यात सगल्यांनाच धडधडते. त्याला काय औषद?" माझा नवरा त्याच होडीवर असायचा. हळूहळू मलाही धडधडू लागलं आणि मी डॉक्टरांचं नाव काढणं सोडलं.

मग एका पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, सुके बोंबील निवडता निवडता त्यांनी छाती धरली. घेरीही आली. मी घाबरून ओरडलेच, "आई, होडी तर दारात ताडपत्रीखाली आहे! आता कुणासाठी धडधडतंय?" होडीकडे एकदा बघून त्या मी बोलावलेल्या रिक्षात बसल्या.

बोईसरला पोचेपर्यंत ठोके जागेवर आले होते. डॉक्टर म्हणाले, "केव्हा होतं, किती वेळ, आधी काय घेतलं होतं, लिहून ठेवा." सासूबाईंना लिहिता कुठे येत होतं! त्यांनी जाळ्याचा दोरा घेतला. थोडी धडधड झाली तर बारीक गाठ, लांबली तर मोठी, चहानंतरची असेल तर गाठीत लाल चिंधी. महिन्याने दोरा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला, तर अर्धा लालच होता. उपाशीपोटी कडक चहा, दिवसाला आठ-दहा कप... पुढे दिवसभर छातीला यंत्र लावलं आणि ठोक्यांची लय चुकत असल्याचं सापडलं. गोळी सुरू झाली, चहा कमी करायला सांगितला. "दोन कपाच्या खाली येनार नाय," त्यांनी डॉक्टरांना ठणकावलं. मग महिन्याकाठी एखादीच गाठ पडू लागली. पुढची अकरा वर्षं त्या मासळीची टोपली घेऊन बाजारात बसल्या.

दोरा अजून स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. परवा भाकरी थापताना माझी छाती धडधडली. सवयीने खिडकीतून पाहिलं. होडी इंजिनाच्या कामासाठी किनाऱ्यावरच होती, नवरा तिच्यापाशी उभा. वाटलं, आईंच्या आठवणीने होत असेल. पण त्या असत्या तर हे ऐकून मलाच ओरडल्या असत्या. पिठाचे हात पुसले आणि त्यांच्या शेवटच्या गाठीनंतर बोटभर जागा सोडून माझी पहिली गाठ मारली. सोमवारी दोरा घेऊन बोईसरला जातेय.