पणजोबांचा नावाडी

पुण्याहून निघताना पणजोबांचं, म्हणजे रावसाहेबांचं, इंग्रजी पुस्तक पिशवीत घेतलं. ठाण्याच्या खाडीतली आपली होडीची सफर त्यांनी आधी मराठीत लिहिली, मग साहेबलोकांसाठी स्वतःच इंग्रजीत आणली. इंग्रजी छापून आल्यावर मराठी कागद त्यांनी बंबात घातले! चार भाषा येणाऱ्या माणसाला एवढी अक्कल नसावी, याचा मला अजून राग येतो. आजोबांनी त्या कागदांचं वाचन लहानपणी ऐकलं होतं. मराठीत नावाड्याला नाव होतं, एवढंच त्यांना आठवायचं.

नेरुळला फोनवरच्या नकाशाने मला भलत्याच टॉवरच्या फाटकाशी नेलं. "सारसोळे गाव? मागे जा, देवळाजवळ राइट मारा," वॉचमन म्हणाला.

गल्लीच्या तोंडाशी हिराबाई वाट पाहत होत्या. त्या त्याच नावाड्याच्या घरातल्या; रावसाहेबांना खाडीत नेल्याची गोष्ट त्यांच्याकडे अजून सांगतात. फोनवर आमचं बोलणं झालेलं. त्यांनी आधी जेवायला बसवलं. ताटात निवट्यांचं (खाडीच्या चिखलातल्या छोट्या माशांचं) झणझणीत कालवण होतं. पणजोबाही हेच जेवले असणार. इंग्रजीत त्याचं नुसतं 'साधे भोजन' झालंय.

"लेकाची नवी होडी उतरवायची हाय," हिराबाई म्हणाल्या. "नारल देताना आमी घरातल्या सगल्या जुन्या नाखव्यांची (होडीवाल्यांची) नावां घेतो. एकाचा नाव इसरलो. तुमच्या बुकात असंल ना?"

मी एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. मिठागरं आली, वारा आला, ओहोटीत रुतलेली होडी आली. नाव आलं नाही. पानोपान फक्त 'माझा नावाडी'.

"परत बगा ना, दादा."

परत पाहिलं. एखादं नाव ठोकून द्यावं असंही मनात आलं, पण त्यांच्या तोंडाकडे पाहून जीभ रेटेना. "नाही हो मावशी," म्हणालो. फार वाईट वाटलं.

"ऱ्हाव द्या. भरती आली, चला."

जेट्टीवर सगळं घर जमलं होतं. नारळ हातात धरून हिराबाई एकेक नाव घेऊ लागल्या. विसरलेल्या नावापाशी त्या थांबल्या. माझ्याकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "रावसायबांचा नावाडी!" सगळ्यांनी हात जोडले. होडी पाण्यात गेली.

परतीच्या बसमध्ये पुस्तक उघडावंसं वाटलं नाही. आता त्या घरात दर नव्या होडीपुढे तो असाच पुकारला जाणार. इतकी वर्षं ती जागा निदान रिकामी तरी होती. मी त्यांचं नाव द्यायला गेलो, आणि आमचं ठेवून आलो.