मामांच्या टाचेसाठी नांदेड ते किल्लारी

नांदेडहून लातूरला कुणी निसर्ग बघायला निघालं असेल तर त्यानं खुशाल परत फिरावं. मी निघालो ते हळदीसाठी. किल्लारीच्या मामांच्या टाचेला चपलेचा फोड आला, पिकला, महिना झाला तरी भरेना. घरचा उपाय एकच, वरून हळद थापायची. आणि लातूरच्या एका फार्मसी कॉलेजात निकिता हळदीतलं औषध अतिसूक्ष्म कणांत भरून चिघळलेल्या जखमांसाठी जेल बनवते. नांदेडला आम्ही फार्मसीच्या एकाच वर्गात होतो. दुसऱ्या वर्षी सरांशी भांडून मी कॉलेज सोडलं, तिचा नाद तेवढा सुटला नाही. जेल मिळालं तर मामांचा पाय वाचणार होता, आणि मला तिला भेटायला कारण.

सकाळची एसटी धरा, उजवी खिडकी घ्या, ऊन डावीकडं असतं. चाकूरला भजी गरम, चहा म्हणजे साखरेचं पाणी. लातूर आलं हे क्लासेसच्या फलकांवरून कळतं. प्रत्येक खांबावर एक भावी डॉक्टर दात दाखवतो. एवढे डॉक्टर, अन् किल्लारीत एक टाच भरत नाही.

निकितानं फ्रीजमधली पिवळी बाटली दाखवली.

"हे तर आमची आजी फुकटात करायची," मी म्हणालो.

"आजीची हळद पाण्यात विरघळत न्हाई, वरच बसते. हे कण औषध आत पोचवतात."

"मग दे की."

"न्हाई. अजून उंदरांवर चालू हाय. मामा उंदीर हायत का?"

मी तापलो. तुझं शास्त्र चुलीत घाल, म्हणून बसलो. तिनं शांतपणे पिशवी उचलली. "चल, जखम दाखव."

औशापर्यंत एसटी, पुढं जीप. खच्चून भरल्याशिवाय ती हलत नाही. निकिताचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता, त्यामुळं पुढच्या रस्त्याचं वर्णन देता येत नाही.

मामा ओट्यावर पाय पसरून बसले होते. "भूकंपात ढिगाऱ्यातून निघालो पोरी, आता फोडानं मरतो का?"

तिनं सलाईननं हळदीची खपली भिजवून काढली. खाली पू. कडेला बोट दाबून म्हणाली, "दुखतं का?"

"न्हाई. बरं व्हायलंय."

"दुखत न्हाई हीच तर भीती हाय. शुगर कधी तपासली?"

मामांनी माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं.

त्याच जीपनं मामांना लातूरच्या दवाखान्यात नेलं. साखर भरमसाट निघाली. मग मी किल्लारीतच मुक्काम ठोकला. गोळ्या, इंजेक्शनं, अन् दीड महिना दिवसाआड मामांना लातूरला नेऊन ड्रेसिंग, साधंच, कणबिण काही नसलेलं.

"औषध पोचवायला कण लागतात, मामांना पोचवायला तू," निकिता म्हणाली. माझं एवढं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.

टाच भरली. शेवटच्या ड्रेसिंगला ती मला म्हणाली, "आता कशाला येशील लातूरला?"

मी तावातावानं उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात मामा बोलले, "दुसरी टाच हाय की माझी."

नांदेडला येऊन आठवडा झाला. मामांची दुसरी टाच ठणठणीत आहे. मी माळ्यावरची दुसऱ्या वर्षाची पुस्तकं खाली काढलीत. मधुमेहात पाय बधिर होतात, हा धडा त्यात होता. त्याची पानं एकमेकांना चिकटलेलीच होती.