मागच्या डिफमधलं तेल

दाजींचा धंदा चष्म्याच्या काचा घासण्याचा आणि नाद रिमोटच्या गाड्यांचा. आता पन्नाशीच्या माणसानं रिमोटच्या गाड्या पळवायच्या म्हणजे काय, असं तुम्ही म्हणाल. त्यांची बायकोही तेच म्हणायची आणि तिचं काही चुकत नव्हतं. पण बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागे मातीचा ट्रॅक होता, आणि दर रविवारी सकाळी तिथं चांगली कमावती, पोट सुटलेली माणसं जमून हातभर लांबीच्या बग्ग्या जिवाच्या आकांतानं पळवायची. दाजींना तिथं मान होता, पण तो गाडी चालवण्यासाठी नव्हे. चालवण्यात ते यथातथाच. मान होता तो तेलासाठी.

या बग्गीत तीन डिफ असतात. पुढे एक, मध्ये एक, मागे एक. डिफ म्हणजे मुठीत मावेल एवढी डबी, तिच्यात दातेरी चाकं आणि ती सिलिकॉनच्या तेलात बुडालेली. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, आतल्याला कमी. ती मोकळीक डिफ देतं, आणि किती द्यायची ते तेल ठरवतं. पातळ तेल भरलं की चाकं सुटी सुटी फिरतात, दाट भरलं की एकमेकांना धरून राहतात. बाटल्यांवर आकडे असतात. आकडा मोठा, तेल दाट. आज पुढे पाच हजार घालायचं की सात, मागे तीन की दोन, हे दाजी ट्रॅकच्या मातीवर चप्पल घासून सांगायचे. मग डबी भरायची, बुडबुडे वर येईपर्यंत दम धरायचा आणि झाकणाचे स्क्रू आवळायचे. एकदा स्क्रू आवळले की आत काय आहे ते भरणाऱ्यालाच ठाऊक.

ट्रॅकवरचा राजा मात्र दाजींचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, धंद्यानं न्हावी. कोपऱ्यावर एका खुर्चीचं दुकान, पण वस्तरा असा चालायचा की गिऱ्हाइकं खुर्चीत घोरायची. पोरगा असो की म्हातारा, काम झालं की कापड झटकून "झालं, साहेब" म्हणायचा. फक्त दाजी बसले असले की "झालं, दाजी." तोच उजवा हात रिमोटच्या चाकावर फिरायचा आणि गाडी वळणावर लोण्यासारखी वळायची. जिंकला की लोक त्याला उचलून घ्यायचे. तो ओरडून सांगायचाही, "अरे, तेल दाजींनी भरलंय!" पण त्या गलक्यात ऐकतंय कोण!

मग दुकानाच्या ओल्या फरशीवर तो घसरला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये. तो नव्हता त्या दिवसांत दाजी एकदा, बरं का, फक्त एकदा, पहिले आले. लोकांनी पाठ थोपटली, फोटो काढला. फोटोत दाजी असे हसलेत की बायकोनंही विचारलं, "हे तुम्हीच ना?"

प्लास्टर निघालं. मेहुण्याचा फोन आला, "दाजी, रविवारी येतोय. गाडी तयार ठेवा!" दाजी म्हणाले, "ये रे ये, वाटच बघतोय." आणि फोन ठेवल्याठेवल्या त्यांच्या पोटात दुखायला लागलं. उगाच कशाला गोड बोलू, सरळ मत्सर वाटला त्यांना. मेहुण्याच्या गाडीचं मागचं डिफ उघडून पुसलं, तीन हजारच्या बाटलीकडे गेलेला हात मागे घेतला आणि दहा हजारचं भरलं. मधासारखं दाट. एकच रविवार, असं मनाला सांगितलं. हात अजून कच्चा आहे, हळूच चालवेल बिचारा, कुणाच्या लक्षातही यायचं नाही, असंही सांगितलं. मनाला काय, काहीही सांगता येतं.

रविवारी गाडी सरळ रस्त्यावर झकास पळाली. पण वळणातून बाहेर पडताना गॅस दिला की एकमेकांना धरलेली दोन्ही मागची चाकं एकदम घसरायची, शेपूट फिरायचं आणि गाडी कोलांटी खायची. एकदा झालं, दोनदा झालं. नंतर तर लोकांनी हसायचंही सोडून दिलं. मेहुणा रिमोट धरून आपल्या मनगटाकडे बघत राहिला. आणि एवढं करून दाजी पहिले आले म्हणाल, तर तेही नाही. दुसरा कुणीतरी जिंकला.

गाडी घेऊन गुपचूप तेल बदलू, असं दाजींनी ठरवलं होतं. पण मेहुण्यानं गाडी पेटीत घातली आणि कुणाशी न बोलता तो निघून गेला.

दोन-तीन दिवसांनी जेवताना बायको एकदम ताट सरकवून म्हणाली, "अहो, त्यानं वस्तरा ठेवून दिलाय. गिऱ्हाइकाच्या गळ्याशी नेला आणि तसाच खाली ठेवला. म्हणतो, ताई, ट्रॅकवर सगळ्यांनी पाहिलंय, माझा हात आता ऐकत नाही. कुणाला कापलं म्हणजे? दुकान सोडायचं म्हणतोय. तुम्ही जरा समजवा ना. तो तुमचंच ऐकतो."

दाजींनी ताटातच हात धुतला. "बघतो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कामावर त्यांनी दोन काचा वाया घालवल्या, मालकाची बोलणी खाल्ली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून मेहुण्याचं दुकान गाठलं. वाटेत सारवासारव तयार केली होती. गाडी मागून घ्यायची, तेल बदलायचं, बेअरिंग अडकलं होतं म्हणून सांगायचं. सगळं गोड.

मेहुणा गिऱ्हाइकाच्याच खुर्चीत बसला होता. दाजींना बघून उठला. कोपऱ्यातली गाडीची पेटी त्यानं पुढे केली. "बरं झालं आलात. ही घेऊन जा. आता तुम्ही चालवा. तुमच्या तेलात काही खोट नव्हती हो दाजी, माझाच हात गेला."

बेअरिंगची गोष्ट दाजींच्या घशातच विरघळली. त्यांनी पेटी खाली ठेवली आणि खुर्चीत जाऊन बसले.

"दाढी कर. वस्तऱ्यानं."

"नको दाजी. उगाच..."

"तुझ्या हाताला काहीही झालेलं नाही. मागच्या डिफमध्ये दहा हजारचं तेल होतं. मी भरलं."

मेहुण्यानं आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "चुकून?"

हो म्हणायला काय जात होतं! त्या बिचाऱ्यानं दार उघडून धरलं होतं. दाजींच्या जिभेवरही आलं होतं. पण आरशात स्वतःचा चेहरा समोर होता.

"नाही. मुद्दाम. तू आलास की मला कुणी विचारत नाही, म्हणून."

मेहुण्यानं ब्रश ओला केला आणि दाजींच्या गालांना फेस लावला. नवीन पातं काढून वस्तऱ्यात घातलं. दाजींची हनुवटी बोटानं वर केली. पातं गळ्याला टेकलं तेव्हा दाजींची पाचावर धारण बसली. पण डोळे मिटायचे नाहीत, असं त्यांनी ठरवलं होतं.

वस्तरा सरसर वर आला. कानाखाली, हनुवटीच्या खळीत, ओठांच्या कोपऱ्यात, कुठंही थांबला नाही, थरथरला नाही. एक ओरखडा नाही. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. वाचला रे, पोराचा हात वाचला! ते खुर्चीतूनच पेटीकडे वाकले, "दे, आत्ताच्या आत्ता तेल बदलून आणतो."

मेहुण्यानं पेटी पायानं आपल्या बाजूला ओढली. "राहू द्या. मी शिकेन भरायला."

मग त्यानं दाजींच्या अंगावरचं कापड काढलं, दारात जाऊन झटकलं आणि मागे न वळताच म्हणाला,

"झालं, साहेब."