दिव्याच्या गाण्याचं शेवटचं कडवं

आज सकाळी दोन गोष्टी आल्या. गॅसचा सिलिंडर, नऊशेला, वर जिना चढवायचे तीस.
आणि चेन्नईहून फोन.

तुळसाक्का गेली.

माझी मैत्रीण. तंजावरकडची मराठी. मिस्टरांची बँकेची बदली सोलापूरला झाली तेव्हा चार वर्षं आमच्या शेजारी राहिली. मग ते परत चेन्नईला गेले आणि आमच्या गप्पा फोनवर सुरू झाल्या.

आमचे हे गेले त्या वर्षी तिने फोनवर एवढंच म्हटलं,
"वत्सू, घर बंद कर गे. इकडे ये."

मी दहावी पास बाई. तोवर एकटीने प्रवास केलेला नव्हता. एग्मोर स्टेशनला उतरले तर पाट्यांवर जिकडे तिकडे तमिळची गोल गोल अक्षरं, त्यातलं एक वाचता येईना. बाकड्यावर बॅग धरून बसले, तेवढ्यात अक्का आली. हातात जाईचा गजरा. मी म्हटलं, "अगं, मला कशाला आता?"
"केसांना काय ठाऊक," म्हणाली, आणि माळलाच.

आठ दिवसांसाठी गेले होते. महिनाभर राहिले.

कारण अक्काचं शहर दाखवणं असं होतं. एका दिवशी एकच जागा.

"अक्का, लोक दोन दिवसांत अख्खं चेन्नई करतात."
"करू देत. ते बघायला येतात. तू राहायला आलीस की."

एक दिवस पूर्ण जॉर्ज टाउनच्या एका गल्लीत. नुसती हळद-कुंकवाची आणि पितळी समयांची दुकानं. माझ्या कमरेएवढी समई पाहिली आणि मी रस्त्यातच हात जोडले. दुकानदार हसला, पण त्यानेही जोडले.

एक दिवस फक्त सकाळी वेलचेरी भागातल्या दारांपुढचे कोलम बघायचे. म्हणजे रांगोळीच, पण तांदळाच्या पिठाची. बायका उभ्यानेच वाकून, हात न टेकता काढतात, आणि रेषा कुठे सुरू झाली ते शोधून सापडत नाही. मी म्हटलं, रोज एवढं पीठ वाया.
"वाया कुठे? मुंग्या जेवून जातात," अक्का म्हणाली.
मुंग्यांच्या घासाचा विचार करून दार सजवणारं गाव मी पाहिलं नव्हतं.

वेलचेरीत अक्का लेकीकडे, मालाकडे राहायची. घरात सगळे तमिळ बोलायचे. मराठी फक्त आम्हा दोघींची. संध्याकाळी दिवा लावला की अक्का एक गाणं म्हणायची, तिच्या आजीकडून आलेलं. "दिवा लाविला माये, ये घरा," अशी सुरुवात. फार जुनी मराठी. काही शब्द मला समजायचे नाहीत, पण अंगावर काटा यायचा.

हे गेल्यापासून मी दिवा लावत होते, पण समोर उभी राहत नव्हते. मागायचं काय, हेच कळत नव्हतं.
अक्काने ते पहिल्याच संध्याकाळी ओळखलं. दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये पहिलं कडवं शिकवलं. मग रोज थोडं थोडं, चालता चालता.

"सगळं एकदम सांग ना."
"सांगितलं तर उद्याच तिकीट काढशील."

मग समुद्र.

मी गणपतीपुळ्याला एकदा पाहिलेला. सूर्य समुद्रात बुडतो एवढं पक्कं ठाऊक. मी हट्टाने संध्याकाळीच नेलं तिला, आणि पाण्याकडे तोंड करून ओंजळ धरून उभी राहिले. सूर्य काही येईना. अंधार पडायला लागला. मागे वळून बघते तर अक्का वाळूत बसून तोंडाला पदर लावून हसतेय, आणि सूर्य तिच्या पाठीमागे, इमारतींच्या आड गेलेला.

"आमच्याकडे तो पाण्यातून येतो गे. सांगणार होते, पण तू इतकी छान उभी होतीस."

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेलो.

पाण्यातून सूर्य वर येताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. आधी पाणी लाल झालं, मग एक कड, मग तो सगळाच. कोळ्यांच्या होड्या त्याच्यासमोरून काळ्या काळ्या जात होत्या. देवळात इतक्या वर्षांत वाटलं नाही ते तिथे वाटलं. हात आपोआप जोडले गेले.

अक्का शेजारी उभी. ओठ हलत होते, आवाज नव्हता. गाण्याचं शेवटचं कडवं. घरीही ती ते ओठांतच म्हणायची. त्यात आपलं मागणं असतं, ते मोठ्याने म्हणायचं नाही, अशी त्यांच्यात रीत.

"ते कधी शिकवणार?"
"पुढच्या खेपेला. नाहीतर तू कशाला येशील?"

पुढची खेप राहिली. कधी माझे गुडघे, कधी तिचं बी.पी. दर रविवारी फोन मात्र व्हायचा.

आज माला फोनवर मोडक्या मराठीत बोलत रडत होती. "मावशी, तेराव्याला दिवा लावायचा. अम्माचं ते पाट्टु, दिव्याचं गाणं, तुला येतं ना? पूर्ण? आम्ही कधी रेकॉर्डच नाही केलं. रोज ऐकायला यायचं ना."

मी म्हटलं, येतं. मग शेवटचं कडवं आठवलं. म्हटलं, तेवढं सोडून.
"ते मलाही नाही ठाऊक," माला म्हणाली. "आणि अर्धं सोडलं तर दिवा रुसतो, असं अम्मा सांगायची."

उद्या रात्रीच्या गाडीने निघतेय. या वेळी एग्मोरला घ्यायला माला येईल.

तुळसाक्का, माझं मागणं मला परत मिळवून दिलंस. नमस्कार करते. सुखाने जा.

या पोस्टवर तंजावर, कुंभकोणम, चेन्नईकडच्या कुणी मराठी भगिनी असतील, तर घरातल्या म्हाताऱ्या बायकांना एवढं विचारा. "दिवा लाविला माये" हे गाणं, त्याचं ओठांतलं कडवं. शब्द मागेपुढे झाले तरी चालतील. मोठ्याने सांगायचं नसेल तर मला एकटीला लिहून पाठवा, मीही ते ओठांतच म्हणेन.

तेराव्याच्या आत उलट टपाली कळवावे, ही विनंती.