भुंडे हात

शनिवारी संध्याकाळी मी बायकोच्या डाव्या हाताची नखं कापली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. मोठ्या लोकांच्यात शेवटी काही गोड बोलणं वगैरे होतं म्हणे. आमच्यात नखं झाली.

मोतीबिंदू काढल्यापासून तिला जवळचं नीट दिसत नव्हतं, म्हणून हे खातं माझ्याकडे. व्हायोलिन वाजवणाऱ्या बाईला डाव्या हाताचं नख ठेवून चालत नाही, बोट तारेवर घसरायच्या आधी नख टोचतं.

"दिवे लागले," मी म्हटलं. "आत्ता नखं कापत नाहीत. त्यात शनिवार."

"मग उद्या सकाळी रियाझाला तुम्ही बसा."

कापली.

"पहिल्या बोटाचं अजून आत घ्या हो."

"अजून आत गेलो तर हाड लागेल."

"लागू दे. हाड तुमच्यापेक्षा सुरात असेल."

मग मटारभात खाल्ला, हीटरला शिव्या दिल्या आणि झोपली. सकाळी उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, "नींद में चली गईं, बड़ी शांति से." शांतीने जाईल नाही तर काय. माझ्याशी भांडायचं, ते आदल्या दिवशीच उरकलेलं.

माझी शाळा सातवीत सुटली. नोकरी दिल्लीजवळ मानेसरला, गाड्यांच्या कारखान्यात वेल्डिंगला. अशा माणसाला वाजवणारी बायको मिळते कशी, असं लोक विचारायचे, तोंडावर. तिच्या बांगड्यांमुळे मिळाली. म्हणजे नसलेल्या. गुरुजींनी तिला लहानपणीच बजावलेलं, "हातात किणकिण नको, तालाला तबलजी आहे." बघायला आलेले लोक रिकामी मनगटं बघून पोहे खाऊन जायचे. मी पोहे खाऊन थांबलो. मला वाटलं, चला, एक खर्च वाचला.

दिल्लीत तिने निम्मं आयुष्य गवयांच्या साथीत काढलं. पोस्टरवर गवई पगडीएवढा आणि ही मुंगीएवढी, तबल्याच्याही खाली. गवई पाणी प्यायला थांबला की हिने वाजवायचं. टाळ्या पडल्या की गवई पेला ठेवून नमस्कार करणार. मला आपलं वाटायचं, फार सुरेख पाणी पितो माणूस.

केस पिकल्यावर तिला एकटीचे कार्यक्रम मिळू लागले. तिच्या व्हायोलिनची पेटी मी उचलायचो. एका हॉलच्या सेक्रेटरीने विचारलं, "आप मैडम के ड्राइवर?" मी म्हटलं, "जी. तनख्वाह नहीं है, खाना मिलता है." घरी येताना ती म्हणाली, "खोटं कशाला बोललात? खाणंसुद्धा तुम्हीच करता." खरं होतं. तिच्या बोटांना विळी लागू नये म्हणून भाजी मीच चिरायचो.

पण नावं ठेवायला लोकांना पोस्टर लागत नाही. लक्ष्मीबाई नगरात साहेबलोकांच्या बायका हळदीकुंकू करायच्या. कुंकू कपाळाला आणि डोळे मनगटाला. "वहिनी, हात भुंडे?" नवरा जिवंत असताना बाईने हात रिकामे ठेवले, म्हणजे ती त्याच्या जिवावर उठली, असा आमचा कायदा. माझी थोरली बहीण अक्का नॉएडाला लेकाकडे असते. तिने तर ठरवूनच टाकलेलं. "माझ्या भावाचं आयुष्य कमी करतेय ही."

"अक्का," बायको म्हणायची, "बांगडी माइकला लागली तर तुमच्या भावाआधी माझा कार्यक्रम संपेल."

ती खरंच माझं आयुष्य कमी करत असती, तर मी केव्हाच जायला हवा होतो. इतकी वर्षं वाट बघितली मी.

तर त्या सकाळी अक्का आली. रडली, खरं रडली. खालच्या मजल्यावरच्या आंटीने आणि तिने मिळून बायकोला आंघोळ घातली, हिरवी साडी नेसवली. आंटी म्हणाली, "भाग्यवान थी, सुहागन गई." तिचं भाग्य शेजारी मफलर गुंडाळून बसलं होतं. मग अक्काने पिशवीतून कागदाचा पुडा काढला. डझनभर हिरव्या बांगड्या.

"सवाष्ण गेली. आता तरी हात भरू दे," म्हणत तिने बायकोचा डावा हात उचलला. आदल्या संध्याकाळी मी कापलेली नखं मला दिसली. आजच्या रियाझासाठी कापलेली.

"अक्का, तो हात ठेव."

"अरे, भुंड्या हातांनी धाडायची तिला? तू जिवंत असताना?"

"जगली की तशीच."

"जगली तेव्हा मी एक शब्द बोलले नाही."

हे ऐकून आमच्या भिंतींना हसू आलं असेल.

"अरे, तुझ्याच आयुष्यासाठी असतं हे."

"माझ्या ना? मग माझ्या हातात भर."

मी हात पुढे केला. आमच्याकडे पुरुषाची लाज काढायची तर म्हणतात, जा, बांगड्या भर. मी मागून घेतल्या. आंटी अक्काकडे बघायला लागली आणि अक्का माझ्याकडे. डोकं फिरलं, असं वाटलं असणार. फिरलंच होतं. अक्का जागची हलेना, तेव्हा मीच एक उचलली. वेल्डरचा पंजा तो. बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडली. मी रेटली. तुटली.

"वाढली गं बाई," अक्का सवयीने बोलून गेली.

बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नवरा मेल्यावर बाईच्या हातातल्या फोडतात, तेव्हाही तोच शब्द. अक्काला स्वतःचं बोलणं ऐकू यायला जरा वेळ लागला. मग तिने माझ्या हाताकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

आंटी काही न कळून हळद आणायला धावली, कारण अंगठ्यातून रक्त येत होतं. अक्काने उरलेल्या बांगड्या कागदात गुंडाळल्या. भावजयीचे दोन्ही रिकामे हात नीट छातीवर ठेवले, आणि एकदा, माझ्याकडे न बघता, त्या डाव्या हाताच्या बोटांवरून हात फिरवला.

मी खाली बसून काचा वेचल्या. तिला उचलायला येणारे सगळे अनवाणी असणार होते.