थोरलीच्या वाट्याची खुर्ची

विद्यापीठाच्या दाखल्यांच्या खिडकीमागून खुर्च्या उचलून नेल्या, त्या संध्याकाळी थोरली घरी आली ती थेट स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि पाय लांब केले. धाकट्या जावेने आधी तेलाची वाटी पुढे सरकवली, मग विचारलं, "कुठे पडलात का, जाऊबाई?"

"पडले असते तर रजा तरी मिळाली असती. दिवसभर उभी होते. आता रोजच उभं राहायचं. नियम झालाय तसा."

"कोणी केला?"

"मंडळाने." थोरली पोटऱ्या चोळत राहिली. मग म्हणाली, "आणि मी."

शिकवण्याचं काय ते प्राध्यापक बघत. पण कचेरी कधी उघडायची, रजा कोणाला किती, कोणी कुठे बसायचं, हे सगळं विद्यापीठाचं मंडळ ठरवी. त्या मंडळात कर्मचाऱ्यांच्या वतीने एक माणूस बोलावत. त्याला मत नसे. विचारलं तर बोलायचं. आजवर कोणी विचारलं नव्हतं. यंदा सगळ्यांनी थोरलीला पाठवलं, कारण ती कोणाच्या अध्यात ना मध्यात.

मंडळाची एक रीत होती. नव्या इमारतीला कोणाचं नाव द्यायचं यावर दुपार निघून जायची. नियम मात्र अगदी शेवटी, लोक चष्मे खिशात ठेवायला लागले की, एकगठ्ठा पुढे यायचे. अध्यक्ष म्हणायचे, "कोणाची हरकत? नाही. मंजूर." मध्ये श्वास घ्यायलाही जागा ठेवायचे नाहीत. मागच्या खेपेला त्या गठ्ठ्यात 'अभ्यागत सन्मान धोरण' होतं. थोरलीला वाटलं, आल्यागेल्याला पाणीबिणी विचारायचं असेल. चांगलंच आहे की. चार लोकांबरोबर तिनेही मान डोलावली. एका सदस्यांनी कुठल्याशा बड्या हॉटेलात पाहिलं होतं म्हणे, पाहुणा आला की नोकरमाणसं अदबीने उभी. तो सन्मान आता दाखल्यांच्या खिडकीला लागू झाला होता.

थोरलीचे गुडघे जुने होते, ते कुरकुरत का होईना चालले असते. पण शेजारच्या खिडकीवरच्या पोरीला सातवा महिना होता. दुपारनंतर तिचे पाय चपलेत मावत नव्हते.

"आपल्या ताई होत्या ना तिथे?" कचेरीतला हिशेबनीस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "काय ताई, तोंडात गुळणी धरली होती?"

थोरली मनात म्हणाली, आपलेच दात, आपलेच ओठ.

ती कुलसचिवांकडे गेली. माणूस वाईट नव्हता. "बाई, मंजूर झालेला नियम वर्षभर उघडता येत नाही. त्या मुलीला रजा घ्यायला सांगा."

"रजा आत्ता संपवली, तर बाळ झाल्यावर काय करेल ती?"

त्यांनी पुढची फाईल ओढली.

पुढच्या सभेच्या सकाळी दिराने जेवणाचा डबा हातात देता देता समजावलं, "वहिनी, निवृत्ती तोंडावर आलीय. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

धाकटी देवापुढे दिवा लावत होती. थोरलीने तिला विचारलं, "काय गं, माझी नोकरी टिकू दे म्हणून सांगितलंस का त्याला?"

"छे. म्हटलं, यांची जीभ आजच्या दिवस आवरू नकोस."

सभेच्या खोलीत लांबलचक टेबल, भोवती गुबगुबीत खुर्च्या. थोरलीची खुर्ची काचेच्या दाराला टेकून. तिच्या पाठीवर 'कर्मचारी प्रतिनिधी' अशी चिठ्ठी चिकटवलेली. ती खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

पहिला विषय झाला. दुसरा निघाला तेव्हा अध्यक्षांनी मान वर केली. "बसा, बाई."

"नको, साहेब. कामावर आहे."

"इथे बसायचं असतं."

"खिडकीशी चार पोरं आली तर त्यांच्या मानासाठी उभं राहते. इथे तर एवढी मोठी माणसं आलीत."

कोणीतरी हसलं, मग खोकल्यासारखं केलं. अध्यक्षांचा आवाज कडक झाला. "हा अडवणुकीचा प्रकार आहे."

"मी काय अडवलंय? तुमचं चालू द्या. विचाराल तर बोलेन."

कोणी विचारलं नाही. सभा चालली, पण लंगडत. बोलणारा बोलता बोलता दाराकडे बघी आणि वाक्य विसरे. टेबलाच्या टोकाच्या जाड्या सदस्यांनी दोनदा खुर्चीत चुळबुळ केली. "अहो, यांना बसवा कोणीतरी. चहा घशाखाली उतरत नाही माझा."

थोरलीच्या पायांची लाकडं झाली होती. मनात ती देवाचं नाव घेत होती, आणि मधूनमधून त्या हॉटेलचा उद्धारही करत होती.

"त्या नियमाचं वर्षानंतर बघू," अध्यक्ष शेवटी म्हणाले.

"वर्षानंतर शेजारच्या खिडकीवरच्या पोरीचं बाळ स्वतःच्या पायावर उभं राहील, साहेब. मला तिच्या पायांचं बोलायचंय."

"तुम्हाला बोलावणं बंद करता येतं आम्हाला."

"करा की. मी बाहेर उभी राहीन. दार काचेचं आहे."

यावर काय करावं हे विषयपत्रिकेत नव्हतं. उरलेला गठ्ठा मांडला गेला. अध्यक्षांनी सवयीने "कोणाची हरकत?" म्हटलं आणि पुढचं "नाही" त्यांच्या ओठावरच अडलं. जाडे सदस्य म्हणाले, "एकेक वाचा बुवा. मागचं न वाचताच केलं आपण." वाचायला लागल्यावर वेळ संपला आणि सभा पुढे ढकलली. खुर्च्यांचा नियम होता तिथेच राहिला.

माणसं पांगली. थोरलीने चिठ्ठी चिकटवलेली ती खुर्ची दोन्ही हातांनी उचलली.

"ताई, ती सभागृहाची आहे," शिपाई म्हणाला.

"माझ्यासाठीच मांडली होती ना? माझं बसणं शिल्लक आहे."

"साहेबांनी विचारलं तर?"

"सांग, बाईंनी नेली. कुठे नेली तेही सांग."

लांब व्हरांड्यात गुडघ्यांनी दोनदा थांबवलं तिला. हिशेबनीस दारातून बघत होता. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा तो आला आणि त्याने एक बाजू धरली.

खिडकीमागे खुर्ची टेकवून थोरली म्हणाली, "बस गं."

"ताई, मेमो येईल."

"तुला कशाला येईल? खुर्ची मी आणलीय. बस."

पोर बसली. चपलेतून पाय काढून तिने ते गार फरशीवर टेकवले. तोवर विभागप्रमुख आतल्या खोलीतून बाहेर आले. "हे काय? उठा आधी."

पोर उठायला लागली. थोरलीने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला तशीच दाबून बसवली.

"ती उठणार नाही," ती म्हणाली. "मेमो लिहायचा तर माझ्या नावाने लिहा. उद्या दुसरी खुर्ची आणणार आहे, तीही त्यातच लिहून टाका."

मग खिडकीबाहेरच्या रांगेकडे वळून म्हणाली, "हं, पुढे कोण?"