दुपट्यातला बत्ता

सुनेनं खलबत्त्यात लसूण ठेचला की मला भोरची ती नदीकाठची वस्ती आठवते. सरकारी नर्स होते मी तेव्हा, घरोघर जाऊन बाळांची वजनं करायचे; कडक इस्त्रीची साडी आणि तोरा असा, जणू अख्खा तालुका माझ्याच गोळ्यांवर जगतोय. एका झोपडीतलं सुकलेलं बाळ मी दुपट्यासकट काट्याच्या झोळीत ठेवलं, तर काटा झरकन फिरला. "शाब्बास! ऐकलंस ना माझं?" मी त्याच्या आईला म्हटलं. तेवढ्यात बाळाच्या अंगाला लसणाचा वास आला. दुपटं सोडलं, तर आत बत्ता! मी खो खो हसले. ती हसली नाही. "ताई, पयल्याला हलकं म्हून पुन्याला न्हेलं, ते परत आलंच न्हाई. ह्याला ऱ्हाऊ द्या हितं." पण बाळाला धाप लागली होती. मीच दोघांना एसटीनं पुण्याच्या दवाखान्यात नेलं. निघताना तिनं बत्ता पुन्हा दुपट्यात गुंडाळला. "तिथंबी काटा असंल," म्हणाली. परत येताना तिच्या मांडीवर तेच दुपटं होतं आणि त्यात नुसता बत्ता. सून विचारते, "आई, लसूण डोळ्यांत उडाला का?" मी म्हणते, "हो गं बाई, तुझ्या हाताला जोरच फार!"